पिसाच्या नळीत मावणारा मजकूर

समाजमाध्यमांवरचे लेखनप्रकार इतिहासाच्या तासाला आणण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे एखाद्या राजाचे काल्पनिक प्रोफाइल तयार करणे आणि त्याखाली लाइक्सचे आकडे लिहिणे. मुले रमतात, पण त्या राजाबद्दल नवे काही कळत नाही. तासाला खरा रंग चढतो तो साधनाचा मूळ आकार आणि आजचा प्रकार यांचे नाते जुळते तेव्हा. १८५७-५८च्या उठावातले लखनौ या दृष्टीने फार समृद्ध आहे. चिठ्ठ्या, जाहीरनामे, रोजनिशा, छायाचित्रे अशी तिथली साधने एखाद्या मर्यादेत बसवलेली किंवा कुणाला तरी दिलेले उत्तर म्हणून लिहिलेली आहेत.

३० जून १८५७ रोजी लखनौजवळच्या चिनहटला इंग्रजी फौज उठाववाल्यांकडून हरली आणि शहरातल्या रेसिडेन्सीला, म्हणजे इंग्रजांच्या ठाण्याला, वेढा पडला. आत सुमारे तीन हजार माणसे होती. इंग्रजांच्या बाजूने लढणारे कित्येकशे हिंदी शिपाईही त्यांत होते. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि औट्रम यांची फौज आत शिरेपर्यंत बाहेरच्या जगाशी संबंध राहिला तो अंगद या पेन्शनर शिपायासारख्या जासुदांमुळे. चिठ्ठी बारीक अक्षरात लिहून, गुंडाळून पिसाच्या नळीत घातली जाई. ती पकडली गेली तरी उलगडू नये म्हणून काही इंग्रजी मजकूर ग्रीक लिपीत लिहिलेला असे. समाजमाध्यमावरच्या पोस्टची २८० अक्षरांची मर्यादा मुलांना एरवी निव्वळ नियम वाटते; इथे तिला कारण आहे. बोटाएवढी कागदाची पट्टी देऊन हॅवलॉकला निरोप लिहायला सांगितला, की धान्य किती उरले, जखमी किती, भिंत कुठे खचली, यांतले काय गाळायचे यावर गटात खडाजंगी होते. त्या वादात वेढ्याची सगळी स्थिती मुलांच्या तोंडून येते.

थ्रेड आणि रिप्लाय यांसाठी याहून सरस साधन याच काळात सापडते. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. त्याला अवधच्या बेगम हजरत महलने आपल्या जाहीरनाम्याने उत्तर दिले, आणि तेही एकेक कलम उचलून. कंपनीचे करार राणीला मान्य आहेत, असे राणीच्या जाहीरनाम्यात होते. त्यावर बेगमेचा सवाल असा, की कंपनीनेच सारा हिंदुस्थान गिळला असेल तर यात नवे काय? पुढे दगाफटक्यांची यादीच येते: भरतपूर, लाहोर, टिपू सुलतान, काशीचा राजा आणि पुणे-साताऱ्यातून उठवून बिठूरला ठेवलेला पेशवा. मराठी वर्गात या नावापाशी मुले हमखास थबकतात. अवधची बेगम पेशव्यांचे गाऱ्हाणे आपल्या पुराव्यात जोडते, ही बाब पाठ्यपुस्तकातल्या ‘उठावाचे स्वरूप’ या रुक्ष प्रश्नाला एकदम जिवंत करते. मुलुख वाढवण्याची इच्छा नाही, या आश्वासनावर ती विचारते, की मग आमचा मुलुख परत का देत नाही? माफीच्या वचनावर तिचा विश्वास नाही. रस्ते बांधणे आणि कालवे खणणे यापलीकडे हिंदी माणसाला काही देऊ केलेले नाही, हेही तिने अचूक हेरले आहे.

फळ्याच्या डाव्या बाजूला राणीचे कलम, उजवीकडे बेगमेचे उत्तर, आणि खाली मुलांच्या कमेंट, एवढी मांडणी पुरते. मात्र कमेंट लिहिणारा कोण, हे आधी ठरलेले हवे: जमीन गमावलेला तालुकदार, पगार बुडालेला शिपाई, नव्या राजवटीत कंत्राट मिळालेला व्यापारी. नाहीतर सगळ्या कमेंट आजच्या मुलांच्या होतात आणि सगळ्याच बेगमेच्या बाजूने जातात. राणीच्या आश्वासनांवर भरवसा ठेवणारीही माणसे होती. त्यांचा आवाज वर्गात उमटला पाहिजे.

रोजनिशांना ‘स्टोरी’चा आकार सहज बसतो. अ‍ॅडिलेड केसची रोजनिशी १८५८मध्ये आणि ज्युलिया इंग्लिसची १८९२मध्ये छापली गेली. एकच वेढा दोघींच्या नजरेतून रोजच्या रोज मांडता येतो. पण या दोघीही तटाच्या आतल्या. बाहेर तोफा डागणाऱ्याने त्या दिवशी काय लिहिले असते, हे मुलांकडून रचून घेण्याचा मोह टाळावा. त्याचे खाते रिकामे ठेवावे आणि ते रिकामे का, हाच प्रश्न विचारावा. कागद कुणाचा जपला गेला, हे कल्पित संवादांपेक्षा त्या कोऱ्या चौकटीतून लवकर कळते.

छायाचित्राखाली ओळ लिहिणे हा वरवर सर्वांत सोपा प्रकार, पण तोच सर्वांत कसाचा. फेलिचे बियातो या छायाचित्रकाराने टिपलेले लखनौच्या सिकंदरबागेचे छायाचित्र प्रसिद्ध आहे: पडझड झालेली इमारत आणि पुढे पसरलेली हाडे. तिथली लढाई झाली १६ नोव्हेंबर १८५७ला, छायाचित्र १८५८चे. मधल्या महिन्यांचे अंतर कळले की मुले आपणहून विचारतात, हाडे तिथे तशीच होती का? चित्र परिणामकारक व्हावे म्हणून ती मांडली गेली, असे अभ्यासक मानतात. आधी तारखा न सांगता ओळ लिहून घ्यावी, मग तारखा सांगून तीच ओळ दुरुस्त करायला लावावी. फॉरवर्ड आलेले छायाचित्र तपासण्याची सवय याच सरावातून लागते.

त्याच बागेच्या परिसरात आज उदादेवीचा पुतळा आहे. त्या लढाईत पिंपळावरून गोळ्या झाडणाऱ्या स्त्रीची हकिगत फोर्ब्स-मिचेल या गोऱ्या सैनिकाच्या आठवणींत येते. तिला उदादेवी म्हणून ओळखले आणि जपले ते लोकस्मृतीने. तिचे प्रोफाइल करताना दोन रकाने असावेत, एकात तेव्हाच्या सैनिकांनी लिहिलेले आणि दुसऱ्यात लोकांनी जपलेले. दोन्ही मोलाचे आहेत, पण एकात मिसळले की दोन्हींचे मोल जाते.

यातल्या कशालाही मोबाइल लागत नाही. कागद, फळा आणि वहीचे पान पुरते. गुण देताना सजावट, इमोजी, हॅशटॅग यांना काही देऊ नये. प्रत्येक पोस्टखाली ती कोणत्या साधनावरून लिहिली याची एक ओळ असावी, आणि निम्मे गुण त्या ओळीला असावेत.