बसऱ्याहून परत आलेला माणूस

रहाटणी, पुणे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या पणजोबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, शोध तू मनावर घेतलास याचा फार आनंद झाला. ते रेल्वेतले की फौजेतले, असं तू विचारलंस. ते दोन्हीकडचे. आधी जी.आय.पी. रेल्वेत बोरघाटात गँगमन, मग पहिल्या महायुद्धात खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर तुकडीत, भरती, तिथून बसरा, आणि परत आल्यावर पुन्हा घाटातलाच रूळ. पण हे सगळं एकत्र सांगणारा एकही कागद आपल्याकडे नाही. रेल्वेला लढाईशी देणंघेणं नव्हतं आणि पलटणीला घाटाशी. दोन दप्तरांत दोन वेगळी माणसं नांदतात. ती एकच आहेत, हे फक्त घराला माहीत होतं. म्हणून माझं तुला पहिलं सांगणं असं, की शोध घरापासून सुरू कर.

गँगमनला फौजेने का घेतलं असेल, हे आधी समजून घे. बोरघाटातला मार्ग १८६३ साली सुरू झाला. पावसाळ्यात तिथे दरड येते, खडी वाहून जाते, रूळ सरकतो. तो जागेवर ठेवणारी माणसं म्हणजे मुकादमाच्या हाताखालची गँग. पहार, घण आणि पाटी एवढ्या सामानावर ती काम करायची. चावीवाला रोज सकाळी आपल्या हद्दीतून पायी फिरून सैल चाव्या ठोकून बसवायचा. अशा कामात तयार झालेला हात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हवा होता. तिथे बसऱ्याच्या पुढे नीट रस्ते नव्हते आणि सैन्याचं सारं सामान तैग्रिस नदीतून बोटींनी न्यावं लागे. बोटी अपुऱ्या पडल्या. कूत इथे वेढ्यात सापडलेल्या फौजेला रसद पोहोचली नाही आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. त्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या, खडकीचे सॅपरही होते. कैद झालेल्या कितीतरी हिंदी शिपायांना तुर्कांनी पुढे बगदाद रेल्वेच्या कामावर राबवलं. त्यानंतर इंग्रजांनी रुळांवर जोर दिला. हिंदुस्थानातून इंजिनं, डबे आणि रेल्वेचा कामगार जहाजांनी बसऱ्याला गेला. इथल्या काही मार्गांचे रूळ उखडून तिकडे नेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं आणि त्याच वर्षी कूत ते बगदाद गाडी धावू लागली.

आजोबा कधी गेले, हे मला रेल्वेने सांगितलं नाही आणि फौजेनेही नाही. ते सांगितलं जमिनीने. मावळातल्या आपल्या गावच्या फेरफारात १९१६ सालची एक नोंद आहे. त्यांच्या वाट्याचं भातखाचर तेव्हा धाकट्या भावाच्या वहिवाटीला लागलं. हयात, धडधाकट माणसाचं शेत दुसऱ्याकडे जातं तेव्हा तो माणूस गावात नसतो. नोंद मोडीत आहे, ती मी जाणकाराकडून वाचून घेतली. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मान आला आहे, त्याचा तूही फायदा घे.

आता मेडलबद्दल. माझ्या कपाटात ते आहे, फोटो सोबत पाठवतो. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ ही सालं. सगळे एवढंच पाहतात. तू मेडल आडवं धरून त्याची कड बघ. बारीक इंग्रजी अक्षरांत आधी नंबर, मग ‘सॅपर’चं आखूड रूप, मग आजोबांचं नाव, मग तुकडी. आडनाव नाही. लढणाऱ्या शिपायाला हे मेडल चांदीचं मिळे, मजूर तुकड्यांतल्या हिंदी माणसांना तेच ब्राँझचं. चांदी असल्यामुळे कितीतरी घरांत अडीनडीला ती सोनाराकडे गेली, आणि कडेवरचा नंबरही आटणीत गेला. आपल्याकडे ते उरलं, कारण माझ्या आजीने ते मोडू दिलं नाही. तो नंबर म्हणजे आजोबांच्या फौजी आयुष्याची आपल्या हातात असलेली एकमेव किल्ली.

तू राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत त्यांना शोधलंस आणि ते सापडले नाहीत म्हणून खट्टू झालास. ते तिथे असायचेच नाहीत. ती यादी मेलेल्यांची. परत आलेला माणूस शोधायला जास्त अवघड असतो, कारण तो जिवंत राहिला की फौजेचा त्याच्याशी संबंध संपतो. पंजाबात सुमारे ३,२०,००० शिपायांची गावनिहाय रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात टिकली आणि २०२१ पासून ती लोकांसाठी खुली होऊ लागली. आपल्याला असा तयार ठेवा हाताशी नाही.

तरी आयोगाची ती यादी सोडू नकोस. आपल्या आत्याकडून घाटातल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या ज्या माणसांची नावं कळतील, ती तिथे शोध. अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. रेल्वेच्या हजेरीपटावरही माणूस स्वतःच्या आणि बापाच्या नावाने ओळखला जाई. म्हणून दोन दप्तरं जुळवताना आडनावाच्या मागे न लागता बापाचं नाव धर. आणि हे करताना एक गोष्ट लक्षात ठेव. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची आठवण आहे, पण हिंदी शिपायांची तिथे फक्त संख्या कोरली, नावं वहीत ठेवली. आपल्याकडच्या गावांतल्या संगमरवरी पाट्याही तशाच: गावातून किती गेले, किती मेले, एवढंच. तू एकेक नाव एकेका घराला जोडशील, तेव्हा त्या दगडावर राहून गेलेलं काम तू करत असशील.

हे काम इथे रहाटणीत बसून मला जास्तच निकडीचं वाटतं. आमच्या सोसायटीत सातारा, सांगली, लातूर, कोकण, सगळीकडची माणसं आहेत. पिंपरी-चाकणच्या कारखान्यांनी त्यांना इकडे आणलं, जसं मलाही आणलं. कुणाचा पणजा पलटणीत, कुणाचा गिरणीत. साताऱ्याकडचं अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी’ हे नाव लावूनच ओळखलं जातं. पण नोंदी गावाकडे, आठवणी म्हाताऱ्यांकडे आणि नातवंडं इथे, अशी सगळ्यांचीच फाटाफूट झाली आहे.

म्हणून आत्याला आधी भेट. ती नव्वदी ओलांडून गेली आहे, पण बोलायला लागली की सलग बोलते. मध्येच सालं विचारू नकोस, रेकॉर्डर चालू ठेव आणि ऐक. आजोबांनी बसऱ्याहून आल्यावर पुन्हा कधी खजूर तोंडात घातला नाही, हे तिच्याकडूनच कळलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. आपणही त्याची गोष्ट रचायची नाही. वंशावळीच्या तक्त्यात प्रत्येक गोष्टीपुढे लिही: कागदावरून, की कुणाच्या तोंडून. शौर्याच्या कथा जोडून त्यांना मोठं करायला जाऊ नकोस. त्यांनी रूळ टाकले, तापलेल्या वाळवंटात टाकले, आणि ते घरी आले. तेवढं पुरे आहे.

पण आत्यालाही बसऱ्याच्या आधीचं फारसं ठाऊक नाही, आणि त्याचं कारण तुला कळायला हवं. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यांची नक्कल मी तहसील कचेरीतून काढली. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ आली, लोक तिला मानमोडी म्हणत. त्या पानावर मृत्यूंची रांग लागली आहे. त्यातच एका ओळीत आजोबांची बायको, दुसऱ्या ओळीत त्यांचा मुलगा. माझी आजी ही त्यांची दुसरी बायको. आजोबा रेल्वेत कसे लागले, भरतीला का गेले, जाताना काय बोलले, हे जिला माहीत होतं ती ते परत येण्याआधीच गेली. लढाईवर गेलेला जगला आणि घरी थांबलेली दोघं दगावली.

नोंदीत तिचं स्वतःचं नाव नाही, नवऱ्याचंच आहे. नाशिकच्या आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत ते असण्याची शक्यता आहे. पूर्वी क्षेत्राला गेलेल्या घरातली नावं ते लिहून ठेवत. दिवाळीत आलास की आपण दोघं जाऊ. तोवर तक्त्यात आजोबांच्या शेजारी तिची आणि त्या मुलाची चौकट आख, मृत्यूचं साल घाल आणि पुढे ‘कोतवाल बुक’ असं लिही. सैनिकाचा इतिहास लिहिताना ती दोघं सुटली, तर आपल्या घराचा इतिहास अर्धाच राहील.

प्रकृतीला जप. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका