दासगाव बंदर ते महाड

महाडला जाण्याचा विचार भिंगारच्या आमच्या वस्तीत बरेच दिवस घोळत होता. अखेर गेल्या डिसेंबरात जमून आले. वस्तीतल्याच एका तरुणाने कर्ज काढून सात माणसांची गाडी घेतली आहे. तीच भाड्याने ठरवली. किलोमीटरचा दर, टोल, चालकाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, सारे आधी कागदावर लिहून घेतले. कारकुनी करणाऱ्याची ही सवय. पण वाटेत तंटा नको असेल तर प्रत्येकाने ती लावून घ्यावी.

गाडीत एक जागा उरत होती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मातंग समाजातील मावशींनी विचारले, "आम्हाला न्याल का?" त्यावर आमच्यापैकीच एकजण हळूच म्हणाला, "घरचीच माणसं असलेली बरी." मावशींना कोणी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पहाटे गाडी निघाली तेव्हा ती जागा रिकामीच होती.

पुणे सोडून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरलो. तेथून लोणेरे, बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ जेथे आहे ते गाव, आणि पुढे दासगाव. महाड तेथून फक्त पाच मैल. मुले म्हणाली, "थेट तळ्यावरच जाऊ ना!" आम्ही गाडी थांबवायला लावली आणि सावित्रीच्या खाडीकडे बोट दाखविले.

आता येथे मुंबईची आगबोट लागत नाही. पण २५ डिसेंबर १९२७ रोजी दुपारी 'पद्मावती' बोट याच दासगाव बंदराला लागली. आदल्या दिवशी मुंबईहून निघालेले बाबासाहेब आणि सत्याग्रही तिच्यात होते. धरमतरला उतरून मोटारीने महाडला जाणे सोयीचे होते. तो मार्ग का सोडला? मोटारवाले ऐनवेळी बहिष्कार घालतील, गाडीत घेणार नाहीत, अशी धास्ती होती. दासगावला उतरले म्हणजे पुढचे पाच मैल पायी तोडता येतात. कोणाच्या गाडीची मिनतवारी नको. बंदरावर हजारो सत्याग्रही वाट पाहात होते. मिरवणुकीने ते महाडकडे चालत निघाले. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.

ही धास्ती उगाच नव्हती. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. १९०१ च्या सुमारास ते भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे दिले, तेही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार! पुढे १९२९ साली ते चाळीसगावला गेले. तेव्हा ते बॅरिस्टर होते. तरी टांगेवाल्याने त्यांना बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पैसे खिशात असून गाडी मिळत नव्हती, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही.

आमचा चालक हे सारे ऐकत उभा होता. म्हणाला, "काका, म्हणजे मी तेव्हा असतो तर गाडी घेऊन हितंच उभा राहिलो असतो." आजींच्या डोळ्यांना पाणी आले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि आपण काल काय केलं? मावशीला जागा दिली का?"

कोणाला काही बोलता येईना. गाडीत जागा असून न देणारे त्यावेळी कोण होते, ते आम्ही नुकतेच मुलांना सांगितले होते.

आजींना गाडीत बसवून पुढे पाठविले आणि आम्ही चालत निघालो. रस्ता महामार्गाचा, वाहने जोरात जातात. मुलांना आतल्या बाजूला धरून, कडेने चालावे लागते. दीड-दोन तास लागले. पायाला फोड आले, पण धाकटीनेसुद्धा तक्रार केली नाही. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा उन्हे उतरली होती.

परतल्यावर प्रथम मावशींच्या दारात गेलो. चूक कबूल केली. त्या हसल्या, म्हणाल्या, "मला वाटलं, विसरलात." २० मार्चला गाडी पुन्हा ठरली आहे. पहिली जागा त्यांची.

वाचकहो, महाडला जाल तेव्हा दासगावला थांबा. रेल्वेने येणाऱ्यांनी वीर स्टेशनावर उतरावे व तेथून वाहन करावे. म्हातारी माणसे गाडीत बसू द्या, तरण्यांनी चालावे. पाच मैल जमले नाहीत तर एक मैल चाला. आणि निघण्यापूर्वी गाडीत एखादी जागा रिकामी राहते आहे का, व ती का राहते आहे, एवढे घरात एकमेकांना जरूर विचारा.