गाडी पाहावी घेऊन

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. ही दोन्ही कामे माझ्या वयाला आणि खिशाला अजून झेपणारी नाहीत. पण यंदा मी एक तिसरे काम केले, आणि त्या म्हणीत त्याचीही भर घालावी असे मला वाटू लागले आहे. वाचकहो, मी गाडी घेतली! दचकू नका. गाडी वीतभराहून थोडी मोठी आहे, हातातल्या रिमोटवर चालते, आणि तिचा वेग माझ्या आजीच्या चालीहून कमी आहे. तो कमी असावा म्हणूनच मी दोन महिने शोध करीत होतो.

इंग्रजीत हिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. मी आपला ‘दगडचढी’ म्हणतो. जत्रेतली रिमोटची मोटार आपण पाहिलेली असते. ती एकतर सुसाट सुटते, नाहीतर उभी राहते. तिचे स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे. दगडचढीचे तसे नाही. बोट जेवढे दाबाल तेवढेच चाक फिरते, आणि ती धोंड्यावर एकेक टायर ठेवत, अंदाज घेत, म्हशीसारखी वर चढते. कल्पना तशी जुनी. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहानशी बोट रेडिओ-लहरींवर चालवून दाखवली होती. पुढे १९८७ साली जपानच्या तामिया कंपनीने ‘क्लॉड बस्टर’ नावाची थोरल्या चाकांची गाडी काढली, आणि शौकीन लोकांनी तिचे एक्सल काढून घेऊन दगडावर चढणाऱ्या गाड्या घरच्या घरी जुळवल्या. आता त्यांच्या स्पर्धाही होतात. दगडांतून खुणेची फाटके मांडतात. खुणेला धक्का लागला की दंड, गाडी मागे घेतली की दंड. आधी कोण पोचला यापेक्षा कमी दंडात कोण पोचला हे तिथे पाहतात.

संध्याकाळी मी तालुक्याला मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात बसतो. तिथे एक गिऱ्हाईक अशी गाडी घेऊन आले. बॅटरीची तार तुटली होती. मी डाग देऊन ती जोडली आणि चालते का पाहायला काउंटरवर पाच-सहा मोबाइलच्या खोक्यांची उतरंड केली. गाडी ती चढली, माथ्यावर थांबली, आणि मी बोट काढले तरी उतारावर तशीच चिकटून राहिली. त्या रात्री शेवटची एस. टी. चुकली असती.

माझ्याजवळ ‘कमवा व शिका’चे आणि दुकानाचे मिळून पाच हजार चारशे रुपये साठले होते. आईला बेत सांगितला तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “तेवढ्यात करडू येतंय.” आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘संधी-खर्च’ नावाचे दोन पानी प्रकरण आहे. आईने ते तीन शब्दांत संपवले.

आता अण्णांकडे वळले पाहिजे. अण्णा ट्रॅक्टर चालवतात, ट्रॅक्टर मालकाचा. दिवाळी झाली की माण तालुक्यातले आमचे गाव सोडून ते खाली उसाच्या पट्ट्यात जातात आणि होळीच्या सुमारास परततात. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेले नाही, आणि मी ती चढल्यापासून आम्हा दोघांचे बोलणे ‘जेवलास का’ आणि ‘पैसं हाईत का’ एवढ्यावर येऊन ठेपले होते. मी काय शिकतो ते त्यांना विचारता येत नव्हते, आणि मला सांगता येत नव्हते. भांडण नव्हते, भांडायला तरी विषय लागतो!

आईचे करडू त्यांच्या कानावर गेले. मला वाटले, आता बोलणी बसणार. ते अंगणात माझ्या शेजारी बसले, मोबाइलवरचे चित्र लांब धरून पाहिले आणि विचारले, “चालवणार कुठं?”

“ओढ्यात.”

“आपल्या? तिथं नारळाएवढा धोंडा हाय. मग ही बारकी काय कामाची?”

ते चित्र ‘अ‍ॅक्सियल’ कंपनीच्या १:२४ मापाच्या गाडीचे होते. वीतभरही नाही. घरात पुस्तकांच्या ढिगावर ती सुरेख चढते, पण आमच्या ओढ्यात तिला प्रत्येक धोंडा म्हणजे डोंगर. म्हणजे आधी जागा पाहायची आणि मग गाडी, हा क्रम अण्णांनी लावून दिला. दुसरी ‘ट्रॅक्सस’ची टी.आर.एक्स.-४, हातभर लांब, २०१७ साली निघालेली. तिचे डिफरन्शियल रिमोटवरून लॉक करता येते आणि सोडवताही येते. एवढे मी वाचून दाखवले मात्र, अण्णा ताठ बसले.

ज्यांनी ट्रॅक्टर चालवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारी दातऱ्यांची योजना एक्सलमध्ये असते. पण एक चाक चिखलात सुटले की सारा जोर त्याच चाकाकडे पळतो. ते भिरभिरते आणि दुसरे गप्प उभे. तेव्हा ट्रॅक्टरवाला टाचेने एक पेडल दाबतो आणि दोन्ही चाके एकत्र बांधतो. उसाच्या ओल्या फडातून भरल्या ट्रॉल्या बाहेर काढताना अण्णांनी हे पेडल किती वेळा दाबले असेल, त्याला गणती नाही. स्वस्तातल्या दगडचढीत पुष्कळदा ही चाके कायमचीच जखडलेली असतात, हे मी सांगताच ते उसळले.

“लॉक लावून वळायचं? एक्सल जाईल की!”

मी म्हटले, गाडी हलकी आहे, टायर घसरून घेतो. फक्त वळायला जागा जास्त लागते. त्यांना ते पटायला दोन दिवस लागले. टी.आर.एक्स.-४ची किंमत मात्र त्यांना सांगितलीच नाही. ती वाचून मीच मोबाइल पालथा ठेवला होता.

मग रोज जेवण झाले की बैठक. मी इंग्रजी तक्ता वाचायचा, त्यांनी अर्थ लावायचा. मोटारीच्या तारेचे वेढे जास्त तर वेग कमी आणि ओढ जास्त, असे मी वाचले. ते म्हणाले, विहिरीची मोटार रिवाइंडिंगला न्यायची तेव्हा वेढे मोजताना पाहिलेत. मोटार तीस-चाळीस वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते, ते म्हणाले, “मग हा लो गिअर झाला.” बोट काढताच गाडी उतारावर थांबते, त्याला ‘ड्रॅग ब्रेक’ म्हणतात, ते म्हणाले, शहाणा माणूस न्यूट्रल करून घाट उतरतच नाही. टायरला खाली वजन हवे म्हणून लोक चाकांजवळ पितळेचे तुकडे बसवतात, हे ऐकून तर ते हसलेच. “आमी टायरात पाणी भरतोय, त्येच की!” परीक्षेत मला इतकी उत्तरे कधी एका दमात सुचलेली नाहीत.

शेवटी १:१६ मापाची एक चिनी गाडी ठरली. चारही चाकांना जोर, दोन्ही एक्सल जखडलेले, आणि खाली ट्रॉलीला असतात तसे स्प्रिंगचे पाटे. पाटे पाहूनच अण्णांनी कौल दिला असे मला वाटते. त्याहून स्वस्त एक होती. ती मी बाद केली, कारण तिच्या गिअरच्या सुट्या दातऱ्या कुठे मिळेनात. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्याला एवढे तरी कळायला हवे.

पार्सल आले तेव्हा अण्णा उसाला गेलेले होते. मी पुढच्या चाकांच्या आत शिशाच्या चपट्या पट्ट्या चिकटवल्या आणि घरामागच्या पायरीवर गाडी चालवून पाहिली. आई दारात उभी राहून पाहत होती. गाडी वर चढली तेव्हा म्हणाली, “करडूबी चढलं असतं.” ओढ्यात मात्र मी अजून नेलेली नाही.

परवा रात्री अण्णांचा फोन आला. साखर कारखान्याच्या आवारात नंबर लागायचा होता. मागे ट्रॅक्टरांचा आवाज आणि कुणाची तरी गाणी. ‘जेवलास का’ झाले. मग म्हणाले, “वजन पुढं लावलंस का मागं?”

“पुढं.”

“बराबर. चढाला त्वांड उचलतंय न्हाय तर. होळीला येतोय, मग ओढ्यात घालू. तवर बॅटरी भरून ठेव.”

मी म्हटले, “अण्णा, ही लिथियमची आहे. ठेवून द्यायची असली तर पुरती भरून ठेवायची नसते, निम्मी ठेवायची असते.”

थोडा वेळ नुसताच ट्रॅक्टरांचा आवाज.

“का रं?” त्यांनी विचारले, आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत मी सांगत राहिलो.