आयएसओ ६४०० आणि बाबांचा सुरय

आयएसओ म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना आधी ऑडिट आठवतं. पांढरा शर्ट घातलेले गंभीर लोक, आणि त्यांच्या येण्याच्या आदल्या रात्री भरलेली मागच्या सहा महिन्यांची डॉक्युमेंट्स! कॅमेऱ्यातला आयएसओ त्याच संस्थेच्या नावाचा. म्हणूनच की काय, मला त्याचीही तेवढीच भीती वाटायची. कॅमेरा घेतला तेव्हाच एका अनुभवी मित्राने कानमंत्र दिला होता, "आयएसओ ४०० च्या वर गेलास की फोटो नासला म्हणून समज. नुसते दाणे दाणे येतात." मी तो मंत्र अगदी इमानेइतबारे पाळला. त्याचीच ही गोष्ट.

गेल्या फेब्रुवारीत बाबांना घेऊन भिगवणला गेलो होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी, हिवाळ्यात फ्लेमिंगो, पट्टकदंब, आणि बारा महिने नदी सुरय. पहाटे चारला निघालो. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, म्हणून आई "आत्ता कशाला?" म्हणत होती. पण बाबाच हट्टाला पेटले. एवढ्या पैशांची लेन्स घेऊन पोरगा दर शनिवारी जातो कुठे, हे त्यांना एकदा बघायचंच होतं.

कुंभारगावात होडीत बसलो तेव्हा अजून नीट उजाडलंही नव्हतं. धुक्यात बसलेल्या बाबांचा एक फोटो काढावा म्हणून आयएसओ ६४०० केला. तेवढ्यात डावीकडून एक सुरय आला, पाण्यात सूर मारला आणि वर उडाला. मी कॅमेरा वळवून पाच-सहा फ्रेम्स मारल्या. मग सेटिंगकडे लक्ष गेलं. अरे बापरे, ६४००! घाईघाईने ४०० वर आणला. वाया गेल्या म्हटलं त्या फ्रेम्स.

बाबा म्हणाले, "मला नुसतं काहीतरी पांढरं हललेलं दिसलं रे. तू फोटो काढ, घरी गेल्यावर दाखव तो नक्की करतो काय ते."

पुढचे दीड-दोन तास सुरय आमच्याभोवती नुसता धुमाकूळ घालत होते. मी तीनशेच्या वर फोटो काढले. नऊनंतर ऊन चढलं, शटरचा वेगही वाढला. पण तोवर पक्षी लांब पांगले होते आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागली होती. त्या लांबच्या फोटोंत काही राम नव्हता. होडीवाल्या दादांच्या घरी मासे-भाकरी हाणली आणि परत आलो.

घरी टीव्हीला लॅपटॉप जोडला. बाबा खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ बसले. पहिला फोटो, पांढरा धूर. दुसरा, पांढरा धूर. पन्नासावा, थोडा कमी पांढरा धूर. दाणे मात्र एक नाही हं! अगदी गुळगुळीत, स्वच्छ धूर. बाबा काही बोलत नव्हते, आणि तेच जास्त लागत होतं.

रात्री उशिरा डिलीट करायला बसलो तेव्हा हिशोब घातला. लेन्स ६०० मिमीला एफ ६.३, आयएसओ ४००, त्या उजेडात शटर मिळत होता १/२५०. समजा सुरय सेकंदाला १० मीटरने उडतोय (म्हणजे ताशी ३६ किमी, आपली स्कूटरच). १/२५० सेकंदात तो ४ सेंटीमीटर सरकतो. आपण कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला तर धड थोडंफार सावरतं, पण पंख वेगळेच हलतात, शिवाय होडी डुलते. तेच १/२००० ला तो सरकतो अर्धा सेंटीमीटर. २५० पासून २००० पर्यंत तीन वेळा दुप्पट, म्हणजे आयएसओही तीन वेळा दुप्पट: ४००, ८००, १६००, ३२००. बस्स, एवढंच हवं होतं! दुसरीतल्या पाढ्याचं गणित आणि मी इंजिनिअर.

बरं, मग दाण्यांचं काय? कोड चालवून बघितल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची सवय, म्हणून बाल्कनीतल्या तुळशीवर प्रयोग केला. शटर आणि ॲपर्चर तेच ठेवून रॉमध्ये एक फोटो ३२०० वर काढला, दुसरा ४०० वर. दुसरा अर्थातच काळा आला, तो सॉफ्टवेअरमध्ये तीन स्टॉप उजळला. दाणे दोन्हीकडे! उलट ४०० वाल्याच्या सावल्यांत जरा जास्तच. कारण दाणे मुख्यतः येतात ते सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे. प्रकाशाचे कण कमी गोळा झाले की त्यांच्या संख्येतला चढउतार जास्त डोळ्यांत भरतो. आयएसओ फक्त मिळालेला सिग्नल मोठा करतो. आपण उगाच मॅनेजरसारखे निरोप्यालाच झोडपत असतो.

आणि दाण्यांवर नंतर इलाज करता येतो. २०२३ साली लाइटरूममध्ये एआयवाला डिनॉइज आला, रॉ फाइल असेल तर तो बरेच दाणे पुसतो. हललेल्या पंखातली पिसं परत आणून देणारं खात्रीचं औषध मात्र नाही. सॉफ्टवेअरवाले ती अंदाजाने काढून देतील, पण ती त्या सुरयाची नसतील.

म्हणून आता माझं सेटिंग असं: मॅन्युअल मोड, ॲपर्चर पूर्ण उघडं, मोठ्या पक्ष्याला १/१२५० च्या आसपास, सुरयासारख्या चपळ पक्ष्याला १/२००० किंवा वर. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. आकाशासमोरचा पक्षी काळा येतो, तिथे एक्स्पोजर थोडं वाढवायचं. गडद पाण्यासमोरचा पांढरा पक्षी जळतो, तिथे कमी करायचं. आणि शक्य तितकं जवळ जायचं, कारण छोटासा पक्षी क्रॉप करून मोठा केला की दाणेही मोठे होतात. अर्थात पक्षी फांदीवर निवांत बसला असेल तर ४०० च बरा. मित्राचा मंत्र त्याच्यापुरता खोटा नव्हता.

असो. त्या रात्री डिलीट करता करता अगदी सुरुवातीच्या फ्रेम्सपर्यंत पोचलो. ६४०० वाल्या. शटर १/२०००. दाणे तर असे की रव्याचा लाडू. पण पंख ताणलेले, काळी टोपी, पिवळी चोच, चोचीत चांदीसारखी मासोळी, आणि शेपटीमागे पाण्याचे थेंब हवेत थांबलेले.

सकाळी बाबांना दाखवला. पडद्याला नाक लावून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, मासा आडवा धरलाय त्याने." मी म्हटलं, "बाबा, दाणे फार आलेत हो, थांबा जरा साफ करतो." तर म्हणाले, "कसले दाणे?"

मला वाटलं मोतीबिंदूमुळे दिसत नसतील. ऑपरेशन झालं, चष्म्याचा नंबरही बदलला. महिन्याभराने तोच फोटो, साफ न केलेला, त्यांना परत दाखवला.

"तो मासेवाला ना?" ते म्हणाले. "याची मोठी प्रिंट काढून आण. हॉलमध्ये लावू."

दाण्यांबद्दल अजूनही चकार शब्द नाही. प्रिंट लावलीये. थंडी पडली की बाबांना घेऊन परत जाणार आहे. या वेळी त्यांना तो प्रत्यक्षच बघायचाय.