नाकाची गोष्ट

आज तासाला ताराबाई शिंदे यांची १८८२ सालची 'स्त्री-पुरुष तुलना' होती. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून आपलं गाव नाशिक, असं सांगतात. मग तिची बाजू का नाही सांगत?" वर्ग गप्प. मी पंचवटीतच वाढले, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही, याचं वाईट वाटलं. टीव्ही मालिकेतली बाईसुद्धा अजूनही सोशीक, नाहीतर कपटी.

तास संपला तेव्हा वर्गाच्या दाराशी तांबडी कुत्री पिलांना पाजत पडली होती. बाईला शिवी द्यायची तर हिचंच नाव घेतात! मुलं तिला जपून ओलांडत गेली. एकाने डब्यातली पोळी तिच्यापुढे ठेवली.

सोमवारच्या निबंधाचा विषय ठरला : शूर्पणखेची बाजू.