पाण्याच्या रेषेखालीं

मनुष्याला कोणत्या वयांत कोणता छंद जडेल याचा नेम नाहीं. आमचे एक स्नेही पन्नाशी उलटल्यावर सतारीच्या मागें लागले, दुसऱ्यांनीं गच्चीवर गुलाब फुलविले. आम्हांला मात्र लढाऊ जहाजांच्या चिमुकल्या प्रतिकृति करण्याचा नाद लागला. आणि तो इतका कीं, रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे आमच्या घरांतील जेवणाच्या टेबलाला गोदीचें स्वरूप येतें. "या वयांत हीं कसलीं खेळणीं?" हा प्रश्न आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. त्याला उत्तर देण्याकरितां हा लेख नाहीं. या छंदांत आमच्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती एका वृद्ध माणसानें दाखवून दिली. ती हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच हेतु आहे.

प्रथम या कलेविषयीं दोन शब्द. जहाजांच्या प्रतिकृति लहानमोठ्या अनेक प्रमाणांत होतात. आम्ही करतों त्या मूळ जहाजाच्या एक सातशांश लांबीच्या असतात. जपानांतील शिझुओका येथील तामिया, हासेगावा, आओशिमा व फुजिमी या चार कारखानदारांनीं मिळून १९७१ सालीं या मापाची एक माला काढली, आणि पुढें हें माप जगभर रूढ झालें. या मालेंतील जहाजांना तळ नसतो. जहाज समुद्रांत असतांना जेवढें पाण्याच्या वर दिसतें तेवढेंच करावयाचें, खालचा भाग कापून टाकावयाचा, अशी ही रीत आहे. तिचा फायदा असा कीं, जहाज पाटावर ठेवलें कीं पाट हाच समुद्र होतो, आणि डोळ्यांना तें खरोखरच चाललें आहे असा भास होतो.

आम्हीं विक्रांत नौका करण्याचें मनांत घेतलें. आमच्या पिढीच्या मुंबईकरांना त्याचें कारण सांगावयास नको. इंग्लंडांत १९४५ सालीं हर्क्युलीस या नांवानें पाण्यांत सोडलेली, महायुद्ध संपल्यामुळें अर्धवट राहिलेली, हिंदुस्थान सरकारनें १९५७ सालीं विकत घेतलेली आणि बेलफास्ट येथें पुरी होऊन ४ मार्च १९६१ रोजीं आपल्या नौदलांत दाखल झालेली ही विमानवाहू नौका. १९९७ सालीं ती निवृत्त झाली, पुढें कांहीं वर्षें मुंबईच्या बंदरांत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ सालीं दारूखान्यांत ती मोडण्यास सुरुवात झाली. २०२२ सालीं तिचेंच नांव धारण केलेली कोचीची नवी नौका नौदलांत दाखल झाली. पण जुनी नौका गेली ती गेलीच. ती संग्रहालय असतांना आम्ही एकदां सहकुटुंब तिच्यावर जाऊन आलों होतों. त्या दिवशींचीं छायाचित्रें आम्हीं हौसेनें बाहेर काढलीं, तों प्रत्येकांत आमचे चिरंजीव तरी होते, नाहीं तर त्यांच्या मातोश्री. कठडे, शिड्या, तोफा यांपैकीं कांहींच धडपणें दिसेना. ज्या वस्तूचा पुढें अभ्यास करावा लागणार आहे तिच्यापुढें आपलीं माणसें उभीं करूं नयेत, हा धडा आम्ही फार उशिरां शिकलों.

विक्रांतची लांबी सातशें फूट. तिच्या सातशांश प्रतिकृतीची लांबी बरोबर एक फूट होते. हा हिशेब इतका सुबक जमला कीं, आम्हीं तो शुभशकुन मानला. परंतु पुढचे हिशेब एवढे प्रेमळ नव्हते. साडेपांच फुटांचा खलाशी या मापांत अडीच मिलिमीटरही भरत नाहीं. सी हॉक विमानाचे पंख एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सतरा मिलिमीटर. कठड्याची एक इंच जाडीची नळी घ्यावी, तर ती आपल्या केंसाच्या निम्म्यानेंही भरूं नये! अशी नळी कोणी करूं शकत नाहीं. पितळेच्या पातळ पत्र्यावर आम्लानें कोरून काढलेले कठडे मिळतात, ते चिमट्यानें धरून, श्वास रोखून, कडेला चिकटवावयाचे. आणि तरीही ते खऱ्याच्या मानानें जाडच असतात. हवेंतील तारांसाठीं प्लास्टिकची काडी ज्योतीवर धरून मऊ करतात आणि दोन्ही हातांनीं झट्कन ओढतात. कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतु निघतो. या कामीं आम्हीं एकदां देवघरांतील निरांजन वापरलें. त्यावरून घरांत जें घडलें तें येथें सांगत नाहीं. रंगाचीही गंमत आहे. खऱ्या जहाजाचा करडा रंग जसाच्या तसा लावला तर प्रतिकृति काळवंडलेली दिसते. कारण दूरच्या वस्तूचा रंग हवेमुळें फिकट होतो, आणि लहान प्रतिकृति ही दुरून पाहिलेल्या जहाजासारखीच असते. म्हणून रंगांत थोडा पांढरा मिसळावा लागतो.

या सगळ्याहून अवघड प्रश्न निराळाच असतो : कोणत्या दिवसाची नौका करावयाची? आम्हीं पाहिलेल्या विक्रांतच्या नाकाशीं विमानांना उडी मिळावी म्हणून वर चढत गेलेला उतार होता. तो पुढें सी हॅरिअर विमानांसाठीं बसविलेला. १९७१ च्या डिसेंबरांत तिचें पृष्ठ नाकापर्यंत सपाट होतें आणि विमानें वाफेच्या यंत्रानें फेंकलीं जात. आम्हीं ४ डिसेंबर १९७१ हा दिवस निवडला. त्या दिवशीं तिच्यावरील सी हॉक विमानांनीं बंगालच्या उपसागरांतून जाऊन कॉक्स बझार व चितगांव येथें हल्ले केले. त्या मोहिमेला शोभेल असा थाट आम्हीं केला. जाड कागद भिजवून लाटा उठविल्या, नाकाशीं आणि मागें भरपूर पांढरा फेस उसळविला, आणि चिमणींतून, कापसाला काजळ लावून, ऐटदार काळा धूर सोडला. सात महिन्यांचें काम पुरें झालें. आम्ही आमच्या थोरल्या मामांना तें पाहावयास बोलाविलें.

मामा त्या युद्धांत विक्रांतवर होते. बॉयलरच्या खोलींत त्यांची नेमणूक असे. स्वभावानें अबोल, युद्धाविषयीं त्यांनीं कधीं चार वाक्यें सलग सांगितल्याचें आम्हांला आठवत नाहीं. नौका संग्रहालय असतांना तिकडे चलावें म्हणून आम्हीं आग्रह केला, तेव्हांही ते आले नव्हते. त्यांनीं चष्मा पुसला, पाटाभोंवतीं एक फेरी घातली, विमानें मोजलीं, "छान केलेंस" म्हणाले, आणि मग विचारलें, "पण आम्ही कुठें आहोंत यांत?"

आम्हीं हौसेनें पृष्ठावरचे खलाशी दाखविले.

"हे वरचे. आम्ही खालीं."

त्यांनीं मनोऱ्याच्या बाजूला बोट नेलें, तें जहाजाच्या कडेवरून खालीं आणलें, आणि पाटाच्या लांकडावर टेंकलें. तेथें जहाज नव्हतेंच. तो भाग कापून टाकण्याचीच ही रीत होती, आणि ती आम्हांला केवढी सोयीची वाटली होती!

आम्ही ओशाळलों. पण मामांच्या मनांत राग नव्हता. उलट बोट तसेंच ठेवून ते बोलूं लागले. "विमान सुटायचें तें आम्हांला दिसायचें नाहीं. त्याला फेंकायला वाफ आमचीच जायची ना! वाफेचा कांटा एकदम खालीं यायचा, तेवढ्यावरून कळायचें, कीं एक गेलें."

"आणि परत आलें म्हणजे?"

"तें नाहीं कळायचें. पाळी संपली, वर आलों, कीं विचारायचें."

थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्यांनीं धुराकडे पाहिलें. "हा काढून टाक. काळा धूर म्हणजे भट्टींत हवा कमी पडली. पांढरा म्हणजे जास्त झाली. दोन्हीला वरून शिव्या मिळायच्या. आणि शत्रूला आपला पत्ता लागायचा तो वेगळाच. चिमणीवर कांहीं दिसूं नये, यासाठीं तर आमची सगळी धडपड."

धूर दिसला म्हणजे अग्नि आहे असें समजावें, हें आपल्या नैयायिकांनीं शिकविलें. परंतु ज्यांच्या कौशल्याची खूणच ही कीं धूर दिसूं नये, त्यांचा अग्नि कोणत्या अनुमानानें ओळखावा?

शेवटीं मामा फेसाकडे वळले. "एवढा फेस कुठला? एवढी धांवत नव्हती ती तेव्हां."

पुस्तकांत विक्रांतचा वेग पंचवीस नॉटच्या आसपास दिलेला असतो, आणि आम्हीं तोच धरून फेस उसळविला होता. पुढें आम्हीं बारकाईनें वाचलें, तेव्हां मामांच्या एका वाक्याचा अर्थ उलगडला. १९७० सालीं तिच्या बॉयलरांतील पाण्याच्या पिपांना भेगा पडल्याचें आढळलें. त्या डांक लावून सांधण्यासारख्या नव्हत्या, आणि बदली पिंपें येथें मिळत नव्हतीं, इंग्लंडांतून मागवावीं लागत होतीं. १९७१ सालीं वाफेचा दाब कमी ठेवून तिला समुद्रांत नेण्याचें ठरलें, आणि वेगाची मर्यादा चौदा नॉटपर्यंत खालीं आणली गेली. विमान उडण्यास समोरून वारा लागतो, आणि तो जहाजाच्या वेगानें वाढतो. तेव्हां प्रत्येक नॉट मोलाचा. भेगा पडलेल्या बॉयलरांशेजारीं उभे राहून ज्यांनीं ती वाफ पुरविली, त्यांत आमचे मामा होते. घरांत पन्नास वर्षांत ही गोष्ट कधीं निघाली नव्हती.

आम्हीं त्यांना म्हटलें, "मामा, मी तळासकट दुसरी नौका करतों."

"नको," ते म्हणाले. "तळ कोणाला दिसत नसतो, तेंच बरोबर आहे. तूं फेस तेवढा बरोबर कर."

त्याच रात्रीं आम्हीं धूर उपटला. फेस खरवडून काढावयास तीन रात्री लागल्या. पूर्वी आमची अशी समजूत होती कीं, कठडा जितका बारीक तितकी प्रतिकृति खरी. आतां वाटतें, कीं पाण्याच्या वर जें दिसतें तें खालच्या माणसांनीं ठरविलेलें असतें, आणि तें त्यांना विचारल्याशिवाय काढूं नये.

ती नौका सध्यां आमच्या बैठकीच्या खोलींत कांचेच्या पेटींत आहे. आल्यागेल्यांस ती आवडते. कोणी चौकस पाहुणा मात्र हटकून विचारतो, "एवढी मोठी युद्धनौका, आणि नाकाशीं एवढासाच फेस?" मग आम्ही त्यांना बसावयास सांगतों, आंत चहाची सूचना देतों, आणि मामांची हकीकत सुरू करतों.