न येणाऱ्याचं पत्र

कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या गेटवर जून महिन्यातल्या एका सोमवारी आमची पाच मुलं हजर व्हायची होती. चार आली. पाचव्याचा फोन बंद. कारखान्यातून मला फोन आला तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि दुपारपर्यंत कळलं की त्याची वीज कंपनीत तंत्रज्ञ म्हणून निवड झाली आहे. ही गोष्ट त्याला आठ दिवस आधीपासून माहीत होती. तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. "कसं सांगाव जी सर त्याहिले? रागावले असते."

चंद्रपूरच्या तंत्रशिक्षणात मुलांना नोकरीला लावायचं काम मी एकोणीस वर्षं करतो आहे. पहिली काही वर्षं कुणी असं केलं की मी चिडायचो, कॉलेजचं नाव घालवलंस म्हणायचो. आता त्याच्या नोकरी बदलण्याला मी चूक म्हणत नाही. घरी दोन एकर धान, बहिणीचं लग्न व्हायचं, अशा पोराने कायम नोकरी सोडून एक वर्षाच्या ट्रेनीच्या जागेला चिकटावं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? कंपन्याही शब्द फिरवतातच. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का, असं विचारलं होतं. मुलं ते विसरलेली नाहीत.

पण त्याच्या त्या आठ दिवसांचा हिशेब दुसऱ्याच कुणाला द्यावा लागला. निवडीच्या यादीत सहावं नाव अहेरी तालुक्यातल्या मुलाचं होतं. पाच जागा भरल्या असं कळल्यावर तो हैदराबादला एका गोदामात पॅकिंगच्या कामाला निघून गेला. खोलीची अनामत भरून झाली होती, पहिला पगार हातात यायचा होता. कारखान्याने बोलावलं तेव्हा त्याला परत येता आलं नाही. ती जागा वर्षभर रिकामी राहिली आणि पुढच्या वर्षी त्या कारखान्याने आमच्याकडून चारच मुलं घेतली.

मुलं गप्प का बसतात? भीतीमुळे. ऑफर लेटरवर सही केली म्हणजे आता केस होईल, पोलीस येतील, असं घरच्यांना वाटतं. म्हणून कायदा काय आहे तो इथे स्पष्ट लिहितो. कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध नोकरीवर राबवण्याचा आदेश न्यायालय कंपनीला देत नाही. वैयक्तिक सेवेचा करार असा सक्तीने अमलात आणता येत नाही. मालक मागू शकतो ती भरपाई, आणि तीही वाजवी. बाँड मात्र नीट वाचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तो अधिकारी दुसऱ्या बँकेत गेला होता. सरकारी बँकेला नवा माणूस घ्यायचा तर सगळी भरती पुन्हा जाहीरपणे करावी लागते आणि त्याला वेळ-पैसा लागतो, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. म्हणजे बाँडवर सही करण्याआधी रक्कम किती, मुदत किती आणि ती रुजू होण्याच्या तारखेपासून मोजायची का, एवढं तरी विचारून घ्या. आणि मूळ प्रमाणपत्रं पडताळणी झाली की परत घ्या. ती कुणाकडे ठेवून येऊ नका.

सरकारी भरतीत न कळवता जागा अडवून ठेवण्याचा हा प्रश्न आणखी मोठा होतो. २०२३ मध्ये वनरक्षकांच्या २,१३८, तलाठ्यांच्या ४,६४४ आणि जिल्हा परिषदांच्या १९,४६० जागांच्या जाहिराती निघाल्या. अभ्यास एकच, मुलं तीच. हुशार पोरांची नावं दोन-दोन याद्यांत लागली. ब्रह्मपुरी तालुक्यातली एक मुलगी माझ्या रविवारच्या वर्गाला यायची. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना चार तासांत १६ किलोमीटर चालावं लागतं. ती चालून आली तेव्हा दोन्ही टाचांना फोड होते आणि चेहरा उजळलेला. पुढे तलाठ्याच्या यादीतही नाव आलं. वडिलांना दमा, घर सोडून जंगलातल्या नाक्यावर राहणं जमणारं नव्हतं. तिने तलाठ्याची नोकरी घेतली.

त्याच दिवशी तिने रेघांच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या, एसटीने जाऊन उपवनसंरक्षक कार्यालयात दिल्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेऊन आली. अमुक पदावर माझी निवड झाली आहे, दुसरीकडे रुजू होत असल्याने मी हे पद स्वीकारत नाही, प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवाराचा विचार व्हावा. शेवटची ओळ तिची तिनेच घातली होती. महिन्याभरात सिंदेवाही तालुक्यातल्या मुलीला आदेश मिळाला. प्रतीक्षा यादीला मुदत असते. ती संपली की खालची सगळी नावं रद्द, पुन्हा जाहिरात, पुन्हा फी, पुन्हा धावणं, आणि तोवर कुणाचं तरी वय उलटून जातं.

शिवाय आपल्याकडे रिकामी जागा कागदावर राहत नाही. वनरक्षक नसलेला बीट शेजारच्या वनरक्षकाच्या गळ्यात पडतो. मार्चपासून माणसं पहाटे मोहफुलं वेचायला निघतात, मेमध्ये तेंदूपत्त्याला. वाघाचे पगमार्क कुठे दिसले हे गावाला वेळेवर सांगणारा माणूस एकटाच दोन बीटांवर फिरत असेल तर काय होतं, ते ब्रह्मपुरी वनविभागातल्या कुठल्याही गावाला विचारा.

माझ्या मुलांना मी झाडीपट्टीच्या नाटकाची आठवण देतो. भाऊबीजेपासून आपल्याकडे नाटकं लागतात. गावचं मंडळ वडशाला जाऊन कंपनीशी तारीख पक्की करतं, इसार देतं, मग लेकीबाळी, जावई, सोयरे त्या रात्रीसाठी गावात येतात. एखाद्या नटाला दुसऱ्या कंपनीने जास्त पैसे दिले तर त्याने जावं. पण आधी सांगितलं तर कंपनी दुसरा नट उभा करते. पडदा वर जायच्या वेळी कळलं तर सगळा गाव मंडपात बसलेला असतो. हे उदाहरण पोरांना लगेच कळतं, कारण त्या मंडपात ती लहानपणी झोपलेली असतात.

गेटवर न आलेला तो मुलगा आज पक्का तंत्रज्ञ आहे. दर वर्षी नव्या बॅचशी बोलायला येतो आणि अहेरीच्या मुलाची गोष्ट स्वतः सांगतो. अहेरीचा तो मुलगा अजून हैदराबादलाच आहे.

या दिवाळीत तुमच्या घरात कुणाकडे दोन आदेश असतील तर कुठला ठेवायचा ते घरच्यांशी बोलून ठरवा. दुसऱ्यासाठी तीन ओळी लिहा आणि सुट्टी संपून कार्यालय उघडेल त्या पहिल्याच दिवशी देऊन या. पोच घ्यायला विसरू नका.